पगार पटत नाही, नोकरी सोडू का?

या खेपेला आलेल्या पत्रांत पगाराचीच पत्रं जास्त निघाली. वरवर प्रश्न एकच आहे, पण 'पगार कमी आहे' याचा अर्थ प्रत्येक पत्रात वेगळा निघतो. कुणाला तो पुरत नाही, कुणाला बाहेर त्याच कामाचे जास्त मिळतील असं दिसतंय, तर कुणाला शेजारच्या टेबलवरचा आकडा कळलाय. ही तीन वेगळी दुखणी आहेत. नोकरी सोडून त्यातलं एखादंच बरं होतं, म्हणून आधी आपलं दुखणं कोणतं ते ठरवावं लागतं. हिशेब सोपे जावेत म्हणून, वेगळं सांगितलं नसेल तिथे पत्रलेखकाचा आज महिन्याला हातात पडणारा पगार १०० धरला आहे.

प्रश्न : सहा वर्षं एकाच कंपनीत अकाउंट्सला आहे. दरवर्षी ४ टक्क्यांच्या आसपास पगारवाढ होते, तरी महिनाअखेर हात रिकामाच. बाहेर माझ्या कामाला सव्वापट मिळतात असं ऐकतो. साहेबांकडे विषय काढला की 'बघू पुढच्या अप्रेझलला'. आता वाटतं राजीनामा देऊन टाकावा आणि मग निवांत शोधावं. घरखर्च ८० आहे, बाजूला ३२० आहेत.

उत्तर : 'मग निवांत शोधावं' हे आधी डोक्यातून काढा. ३२० भागिले ८० म्हणजे चार महिने, असा तुमचा हिशेब असणार. पण नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा सुटतो, फोनचं बिल स्वतःचं होतं, मुलाखतींसाठी जाण्यायेण्याचा खर्च वाढतो. खर्च ८०चा ८८ झाला तरी चार महिन्यांचे साडेतीन उरतात. आता दुसरी बाजू बघा. अर्ज, मुलाखतींच्या दोन-तीन फेऱ्या, ऑफर, कागदपत्रांची पडताळणी, रुजू होणं आणि मग महिना भरल्यावर पहिला पगार. हा शेवटचा बिनपगारी महिना लोक हमखास विसरतात. शोधायला तीन महिने, ऑफरपासून रुजू होईपर्यंत एक आणि पहिल्या पगाराची वाट बघण्यात आणखी एक, असे पाच झाले. शिदोरी साडेतीन महिन्यांची आणि वाट पाच महिन्यांची. तिसरा महिना लागला की माणूस हातात येईल ती ऑफर घेतो आणि बऱ्याचदा ती १०० चीच असते. तब्येत ढासळत असेल, अपमान होत असेल किंवा खोट्या कागदांवर सह्या मागत असतील, तर दुसरी नोकरी हातात नसतानाही उठावं. पण तो पगाराचा प्रश्न नव्हे.

आता वाढीकडे. ४ टक्के ही वाढ आहे की घट, हे महागाईवर ठरतं. ग्राहक किंमत निर्देशांक सरकार जाहीर करतं, त्यावरून वर्षाचा दर काढा. समजा तो ६ टक्के आहे. १०४ ला १०६ ने भागलं की ०.९८ येतात, म्हणजे जवळपास २ टक्के घट. असं सलग पाच वर्षं चाललं तर पाच वर्षांपूर्वीचा १०० पगार आज १२१.७ होतो, पण तेव्हा १०० ला येणाऱ्या वस्तू आज १३३.८ ला येतात. पगाराच्या पावतीवर पाचवा हिस्सा वाढ दिसते आणि घरात ९ टक्के सामान कमी येतं. तुमचा महिनाअखेर रिकामा राहणारा हात यातूनच आला असेल. साहेबांपुढे हा हिशेब मांडायचा नाही, कारण महागाई सगळ्यांनाच आहे. तो स्वतःपुरता ठेवा, आपण उगाच कुरकुरत नाही एवढी खात्री पटायला.

'ऐकतो' हा आकडा नव्हे. किमान सात आकडे जमवा. पगार छापलेल्या जाहिराती, भरती करून देणारे कन्सल्टंट आणि सगळ्यात भरवशाचे म्हणजे वर्षभरात तुमच्याकडून सोडून गेलेले सहकारी. त्यांना 'तुला किती मिळतात?' असं विचारलं की माणूस गप्प होतो किंवा फुगवून सांगतो. 'या कामाला मी आज किती मागावेत?' असं विचारलं की मोकळेपणानं बोलतो. काम तेच, अनुभव साधारण तेवढाच, कंपनीचा आकार तेवढाच आणि पगार फक्त ठरलेला, बोनस सोडून, असेच आकडे घ्यायचे. जाहिरातीत 'पर्यंत' लिहिलेला वरचा आकडा सहसा कुणाला मिळत नाही, तो घेऊ नका. समजा आकडे आले ९०, १००, ११०, ११५, १२०, १३० आणि २६०. सरासरी काढलीत तर १३२ येते, कारण शेवटचा एकटा सगळ्यांना वर ओढतो. ओळीत मांडून मधला घेतला तर येतात ११५. खरा आकडा हाच. 'सव्वापट' बहुतेक अशा सरासरीतूनच जन्माला येतं.

टक्क्यांचीही एक गंमत आहे. बाजार ११५ आणि तुम्ही १००, तर तुम्ही बाजाराच्या १३ टक्के खाली आहात, पण बरोबरीला यायला वाढ १५ टक्के लागते. बोलताना '१३ टक्के मागे आहे' म्हणालात की समोरचा १३ टक्के वाढवून मोकळा होतो.

आमचा ठोकताळा असा : फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर निव्वळ पगारासाठी उठू नये. १० ते २० मध्ये असेल तर आधी जागेवर मागावं. २५-३० च्या पुढे गेला असेल तर मागण्यात फार दिवस घालवू नयेत, कारण वार्षिक वाढीच्या बजेटात तेवढी उडी सहसा बसत नाही. तुमचा १५ आहे, म्हणजे मागण्याजोगा.

मागायचं कधी? अप्रेझलच्या बैठकीत मागणारे उशिरा पोचलेले असतात. तोवर विभागाचा आकडा वरून ठरून आलेला असतो आणि साहेबांच्या हातात फक्त वाटप उरतं. आकडे वर कोणत्या महिन्यात जातात ते एचआरमध्ये सहज विचारा आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या. 'माझे हप्ते वाढलेत' आणि 'मी रात्री आठपर्यंत बसतो' ही दोन वाक्यं घरी ठेवा. हप्ते तुमचे आहेत, कंपनीचे नाहीत, आणि आठपर्यंत बसणं हे कामाच्या संथपणाचंही लक्षण असू शकतं. बोलायचं ते असं : 'गेल्या दीड वर्षात दोन शाखांचे हिशेब माझ्याकडे आले. महिन्याचं क्लोजिंग नऊ दिवसांवरून पाच दिवसांवर आलं. या कामाला बाहेर ११५ च्या आसपास मिळतात. मला ११८ हवेत. तुम्हाला हे वर मांडायला काय लागेल ते सांगा, मी तयार करून देतो.' आणि मग गप्प बसायचं. घोळ होतो तो इथेच. चार-पाच सेकंदांची शांतता सोसवत नाही आणि माणूस स्वतःच 'म्हणजे, थोडं कमी झालं तरी चालेल' म्हणून आपला भाव पाडतो.

'बघू' आलंच तर तीन गोष्टी विचारा : ठरवणार कोण, कधीपर्यंत आणि कशावर. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका : 'आज बोललो त्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत तुम्ही कळवणार आहात.' ती तारीख कोरडी गेली, तर उत्तर मिळालं असं समजा.

आणि बाहेरचा शोध आजच सुरू करा, त्या तारखेनंतर नव्हे. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते : नाराज माणसाच्या बोलण्याला वजन येतं, ते त्याची बाहेर पडण्याची शक्यता खरी असते म्हणून. धमकी द्यायची गरज नसते. खिशात दुसरी वाट असलेला माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

प्रश्न : मी साडेचार वर्षं डिझाइन टीममध्ये आहे. चुकून पुढे आलेल्या एका शीटमधून कळलं, की पाच महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाला माझ्यापेक्षा १८ टक्के जास्त पगार आहे. काम त्याला मीच शिकवते. तेव्हापासून कामावर मनच लागत नाही. सोडून देऊ का?

उत्तर : दोन आठवडे काहीही करू नका. हे टाळणं नव्हे. आकडा कळला त्या आठवड्यात दिलेला राजीनामा पगारासाठी नसतो, अपमानासाठी असतो, आणि अपमानाच्या भरात पुढच्या कंपनीशी घासाघीस नीट होत नाही.

असं वाटणं स्वाभाविक आहे, याला पुरावाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर अर्थतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार कुठे बघायला मिळतात हे काही कर्मचाऱ्यांना मुद्दाम कळवण्यात आलं. ज्यांचा पगार आपल्या गटाच्या मध्यापेक्षा कमी होता त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. ज्यांचा जास्त होता, त्यांना मात्र त्याचा काही विशेष आनंद झाला नाही. म्हणजे हा आकडा कळून सुख कुणाच्याच वाट्याला येत नाही.

फरक पडला कसा? नव्या माणसाचा पगार बाजारभावाने ठरतो, जुन्या माणसाचा पगार साडेचार वर्षांपूर्वीच्या आकड्यावर ठरावीक टक्के चढवून. बरेचदा दोन्हींची बजेटंही वेगळी असतात. बाजार वेगाने चढला की नवा माणूस जुन्याच्या वर जाऊन बसतो. तुमच्या कामाची किंमत कुणी बसून कमी ठरवली असेलच असं नाही. बहुधा कुणी बसून ठरवलीच नाही.

म्हणून बोलताना त्या मुलाचं नाव आणि ती शीट, दोन्ही काढायचं नाही. नाव काढलंत की चर्चा 'तुम्हाला हे कळलं कुठून' याकडे वळते आणि तुम्हीच बचावात जाता. विचारायचं ते हे : 'माझ्या पदाची पगारश्रेणी काय आहे आणि मी त्यात कुठे आहे?' मोठ्या कंपन्यांत प्रत्येक पदाला किमान, मध्य आणि कमाल असते. किमान मध्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास आणि कमाल १२० च्या, ही नेहमीची पद्धत. आपला पगार मध्याने भागायचा. मध्य ११८ असेल तर तुमचं गुणोत्तर ०.८५ येतं, म्हणजे साडेचार वर्षांनंतरही तुम्ही नवशिक्यांच्या टोकाला. हे वाक्य एचआरला लगेच कळतं, कारण ती त्यांचीच भाषा आहे.

आणि 'जास्त इन्क्रिमेंट द्या' असं म्हणू नका. 'मार्केट करेक्शन' किंवा 'पगार समायोजन' असं नाव घेऊन मागा. वार्षिक वाढीवर टक्क्यांची मर्यादा असते. समायोजन अनेक ठिकाणी वेगळ्या खात्यात पडतं आणि वर्षाच्या मध्येही होऊ शकतं. १८ एकदम नाही झाले तरी आत्ता ९ आणि सहा महिन्यांनी ९, असं लेखी घेता येतं.

एक गोष्ट मात्र तपासा. टीममधल्या बाकीच्या बायकांचं काय? एकट्या तुम्ही मागे असाल तर वरचं कारण. त्या साऱ्याच मागे असतील तर तो नुसता जुन्या-नव्यांचा घोळ नाही. समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात आहे आणि त्यावर अनेक देशांत कायदेही आहेत. तिथे विनंती नको, लेखी तक्रार हवी. सोबत तारखा, पदं आणि कामाचं वर्णन. तेव्हा राजीनामा घाईने देऊ नका, कारण आत राहून कागद जमवणं सोपं असतं.

प्रश्न : मला १३० ची ऑफर आली आहे. सध्या ८ तास काम आणि जाऊन-येऊन १ तास. तिकडे १० तास काम आणि जाऊन-येऊन ३ तास लागतील. दोन्हीकडे महिन्याला २२ दिवस. इथला वार्षिक बोनस, साधारण एका पगाराएवढा, तीन महिन्यांनी मिळणार आहे. घरचे म्हणतात ३० टक्के वाढ कोण सोडतं?

उत्तर : घरच्यांना तासांचा हिशेब दाखवा. आज तुम्ही महिन्याला ९ गुणिले २२, म्हणजे १९८ तास देता आणि १०० घेता. तासाला ०.५०५. तिकडे १३ गुणिले २२, म्हणजे २८६ तास देऊन १३० घ्याल. तासाला ०.४५५. पगार ३० टक्के वर, तासाचा भाव १० टक्के खाली. जाण्यायेण्याचा वाढीव खर्च यात धरलेलाच नाही.

आता त्या १३० च्या आत बघा. ठरलेला किती आणि कामगिरीवर अवलंबून किती? समजा २६ कामगिरीचे आहेत. मग पक्के फक्त १०४. कामगिरीचा हिस्सा गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के वाटला गेला, हे मुलाखत घेणाऱ्याला सरळ विचारा. हा प्रश्न उद्धट नाही, आणि उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही उत्तरच. ६० टक्के वाटला जात असेल तर १३० चे ११९.६ होतात आणि तासाचा भाव ०.४१८, आजच्यापेक्षा १७ टक्के कमी. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळवलंत तर प्रवासाचे तास ६६ वरून ३९ वर येतात आणि भाव ०.४६ होतो. सुधारतो, पण आजच्याइतका होत नाही.

मग बदलण्याची किंमत. बोनस सोडला तर १०० गेले. दोन नोकऱ्यांच्या मध्ये पंधरा दिवस बिनपगारी गेले तर ५०. एकूण १५०. महिन्याला खरोखर ३० जास्त मिळाले तर ही खोट पाच महिन्यांत भरून निघते. १९.६ च मिळाले तर जवळजवळ आठ महिने लागतात. म्हणून रुजू होण्याची तारीख बोनसनंतरची मागा. नसेल जमत, तर तेवढा जॉइनिंग बोनस मागा, पण त्याची अट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागतो, हे ठीकच. काही ठिकाणी मात्र कर कापण्याआधीची रक्कम परत मागतात. हातात ७० आलेले असतात आणि द्यावे लागतात १००. 'प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात' असं लिहून घ्या.

ऑफर लेटरमध्ये आणखी चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. निवृत्ती निधीतला कंपनीचा वाटा १३० च्या आत धरलाय की वर. विमा पहिल्या दिवसापासून की प्रोबेशननंतर, आणि आई-वडील त्यात येतात का. नोटीस पिरियड किती, कारण तीन महिन्यांची नोटीस असलेल्या माणसाला पुढची कंपनी थांबून राहत नाही. आणि पहिल्या पगारवाढीला तुम्ही कधी पात्र. बऱ्याच कंपन्यांत ठरावीक तारखेनंतर आलेल्याला त्या वर्षीची वाढ मिळत नाही. चार दिवस उशिरा रुजू झालात म्हणून पहिली वाढ वीस महिन्यांनी, असंही होतं.

फक्त पैशासाठी असेल तर ही ऑफर घेऊ नये असं आमचं मत. पद खरोखर मोठं असेल आणि दोन वर्षांनी त्या पदाच्या जोरावर पुढची उडी दिसत असेल, तर १३ तासांचा दिवस काही काळ सोसता येतो. घरच्यांना मात्र '३० टक्के' सांगू नका, 'तासाला १७ टक्के कमी, दोन वर्षांसाठी' असं सांगा आणि मग विचारा.

प्रश्न : पहिलीच नोकरी, आठ महिने झाले. मित्रांना सुरुवातच ११०-१२० ने मिळाली. मोठे म्हणतात पैशाचं काय घेऊन बसलास, आधी शीक.

उत्तर : मोठ्यांचं अर्धं बरोबर. पहिल्या पगाराचा फरक किरकोळ नसतो, कारण पुढच्या वाढी त्याच्यावरच चढतात. महिन्याला १० कमी, म्हणजे वर्षाला १२०. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत हा फरक सुमारे १५०० वर जातो, म्हणजे आजचे पंधरा पगार. तेव्हा पैशाचं घेऊन बसण्यात चूक नाही.

पण आठव्या महिन्यात विकायला तुझ्याकडे फारसं काही नसतं. एक कागद घे आणि रुजू झालास तेव्हा येत नव्हतं पण आज एकट्याला करता येतं, अशी कामं लिही. त्यातल्या किती कामांची नावं बाहेरच्या जाहिरातींत दिसतात ते बघ. तीन-चार दिसत असतील तर थांब, वर्ष-दीड वर्ष भरू दे आणि मग चांगल्या भावाने बाहेर पड. एकही दिसत नसेल, तर शिकण्याच्या नावाखाली कमी पगार चाललाय आणि वर्ष भरण्याचीही वाट बघू नकोस. फक्त त्याआधी बाँड, म्हणजे ठरावीक काळाआधी सोडलं तर पैसे भरण्याची अट, आहे का, असेल तर किती महिन्यांचा आणि किती रकमेचा, हे नेमणूकपत्रात बघ.

प्रश्न : महिन्याचा खर्च ११८, त्यात दोन कर्जांचे हप्ते ४५. ११२ ची ऑफर आहे. घेऊ ना?

उत्तर : बाकी सगळं ठीक असेल तर घ्या, पण त्याने प्रश्न सुटला असं समजू नका. ११२ आले तरी महिन्याला ६ ची खोट उरते, वर्षाला ७२. नोकरी बदलली म्हणून चार नवे कपडे आणि एखादा नवा फोन आला की तीही वाढते. तुमचं दुखणं ४५ मध्ये आहे. दोन्ही कर्जांचा व्याजदर आणि उरलेली मुद्दल लिहून काढा. जास्त दराचं कर्ज कमी दराच्या कर्जात वळवता येतं का ते बँकेत विचारा, आणि हे नोकरी बदलण्याआधी करा. प्रोबेशनवर असलेल्या माणसाला कर्ज द्यायला बँका कुरकुरतात. ऑफर घेऊन मग बँकेत गेलात तर सहा महिने थांबा असं ऐकायला लागण्याची शक्यता आहे.

प्रश्न : पगार वाईट नाही, पण दोन महिने उशिरा होतोय. या वेळी अर्धाच आला. मालक चांगले आहेत.

उत्तर : मालक चांगले असतीलही, गल्ला रिकामा आहे. हा कमी पगाराचा प्रश्नच नाही, धोक्याची घंटा आहे. आज तीन कामं करा : पगारातून कापलेले कर आणि निवृत्ती निधी खरोखर तुमच्या नावावर भरले गेलेत का ते तपासा. थकबाकी किती आणि कधी देणार हे मेलवर विचारा. पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्र स्वतःच्या घरी आणा. आणि अर्ज पाठवायला लागा. थकलेले पैसे मिळतील या आशेवर थांबलेल्याची थकबाकी दर महिन्याला वाढत जाते. सोडताना देणं लेखी कबूल करून घ्या. नोकरी संपली म्हणून त्या पैशांवरचा हक्क संपत नाही.

प्रश्न : वर्षभर मागून मिळाली नाही ती वाढ राजीनामा दिल्यावर दोन दिवसांत मिळतेय. नवी कंपनी १२२ देतेय, इथे १२५ म्हणतात. नव्या कंपनीला मी होकार कळवलाय.

उत्तर : दोन दिवसांत मिळाले याचा अर्थ पैसे होते. वर्षभर दिले नाहीत, याचा अर्थ तुम्ही जाल असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षीही वाढीसाठी राजीनामाच द्यावा लागणार असेल, तर ती काही पगारवाढीची पद्धत झाली नाही.

असे थांबलेले लोक थोड्याच महिन्यांत जातात म्हणून बरीच टक्केवारी फिरत असते. तिच्यावर विसंबू नका, स्वतःचं कारण बघा. राजीनाम्याचा विचार पहिल्यांदा मनात आला त्या आठवड्यात नेमकं काय झालं होतं? पगाराची पावती बघून आला असेल तर १२५ वर विचार करण्यासारखा आहे. सुट्टी नाकारल्यावर, चारचौघांत बोलणी खाल्ल्यावर किंवा आपलं काम दुसऱ्याच्या नावावर गेल्यावर आला असेल तर तीन वाढवून ते जाणार नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पगाराला ज्या गटात घातलं, त्या गटातल्या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो, पण भरपूर झाल्या म्हणून कामात रमतो असं नाही. त्यांच्या मांडणीवर पुढे वाद झाले, पण तुमच्या प्रसंगी ती उपयोगी आहे.

तरीही थांबायचं असेल तर १२५ लेखी हवेत : एचआरच्या सहीचं पत्र, लागू होण्याची तारीख याच महिन्याची, आणि 'पुढच्या अप्रेझलमधून हे वजा होणार नाही' असं एक वाक्य. या वाक्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. पुढच्या वर्षी 'तुमची वाढ आधीच झालीये' असं ऐकावं लागतं आणि १२५ चे दोन वर्षं १२५च राहतात. तोंडी कबुलीवर राजीनामा मागे घेऊ नका. पत्र हातात येईपर्यंत नोटीसचे दिवस चालू राहू द्यात.

जायचं ठरलं तर इथे कारणांची यादी वाचत बसू नका. 'विचार केला, निर्णय तोच आहे' एवढं बास. शेवटचा दिवस, शिल्लक रजेचे पैसे, हिशेब पूर्ण होण्याची तारीख आणि अनुभवपत्र, हे चार मुद्दे एकाच मेलमध्ये मागा. लॅपटॉप परत केल्याची पोच घ्या, नाहीतर शेवटच्या पगारातून तो कापला जाण्यावरून भांडण होतं. आणि थांबायचं ठरलं, तर नव्या कंपनीला आजच कळवा. होकार देऊन रुजू होण्याच्या आदल्या रात्री फोन बंद करणारे त्यांच्या नोंदींत राहतात, आणि त्या क्षेत्रातले कन्सल्टंट तेच ते असतात. आधी फोन, मग दोन ओळींचा मेल. पगाराचा आकडा त्यात लिहायचा नाही, नाहीतर तिकडून १२८ येतील आणि तुम्ही पुन्हा इथेच पत्र लिहाल.